बुजवलेलं धुराडं

सहदेव माळी खोटं बोलणारा माणूस नव्हता, हे आधी ध्यानात घ्या पोरहो. पातूरजवळ त्याची वाडी होती. ही गोष्ट त्याच्या तोंडून एकदाच निघाली. पुन्हा कोणी विचारलं, की तो उठून जायचा.

त्या साली सातासमुद्रापलीकडं कुठंशी लढाई लागली होती आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. लोकांनी वांग्यांचे वाफे मोडून सरकी टोबली. घराघरांत कापूस असा ठासला, की माणसाला पाय पसरायला जागा उरली नाही.

सहदेवची धाकटी बहीण माणिक बाळापूरच्या वाटेवरच्या एका गावात दिलेली. किसनरावची ती दुसरी बायको. तिनं निरोप धाडला, इथली ओली लाकडं नुसती धुपतात, तान्ह्या पोरीचे डोळे सुजले, दादा, सुकी बाभूळ आणून टाक. सहदेवनं बैलबंडी लाकडांनी भरली आणि पौषातल्या अवसेला, शनिवारी, दिवस कलताना तो तिथं पोचला. किसनराव कापूस विकायला अकोल्याला गेलेला. घरात माणिक, पोर आणि माणिकची सासू गोदाबाई.

स्वैपाकघरात पाहतो तर तिथंही कापूस, आढ्यापर्यंत. चूल आणि कापूस यांत हाताचंही अंतर नाही. आणि छपरातल्या धुराड्यात गोणपाट कोंबलेलं.

“मावशी, हे काहून बुजवलं?” त्यानं गोदाबाईला विचारलं.

“दव पडते ना. कापूस पिवळा पडला त भाव कोन देईन?”

“अन् आतलं मानूस गुदमरलं त?”

गोदाबाईनं पदर ओढला आणि ती बाहेर निघून गेली.

सहदेवनं शिडी लावली, गोणपाट उपसलं आणि अंगणात फेकून दिलं. माणिकला हाताशी घेऊन कापूस पलीकडच्या भिंतीला सारला. जेवणं झाल्यावर चुलीतली लाकडं ओढून विझवली, विस्तव राखेत दडपला. दुसरीकडं जागाच नव्हती, म्हणून माणिक पोरीला घेऊन चुलीच्या खोलीतच निजायची. सहदेवनं दार आतून लावलं आणि तो दाराशी आडवा झाला. गोदाबाई बाहेर पडवीत निजली.

मध्यरात्र उलटली असेल. उजेडानं त्याला जाग आली. चूल पेटली होती. चुलीपुढं माणिक पाठमोरी बसून लाकूड सारत होती.

“पोरीले दूध तापवून राहिली का?” त्यानं विचारलं.

तिनं आणखी एक लाकूड सारलं.

“पुरे कर ना. धूर होऊन राहिला.”

ती सारतच राहिली.

सहदेवच्या कपाळात ठोके पडत होते. धूर आढ्याशी साचून खाली उतरत होता. त्यानं वर पाहिलं. धुराडं बंद. तेच गोणपाट...

त्यानं हात उचलून पाहिला. उचलेना.

तेवढ्यात त्याच्या बाजूला कोणी तरी खोकललं. त्यानं मान वळवली.

माणिक निजलेली होती. पोर तिच्या कुशीत होती.

मग...

चुलीपुढची बाई थांबली. मागं न वळता म्हणाली, “नीज.”

आवाज साधा होता. आईनं लेकराला म्हणावं तसा. पण त्यात माया नव्हती.

सहदेव रांगू लागला. पोर छातीशी धरली. ती रडत नव्हती. रडायला पाहिजे होती... माणिकचा खांदा धरून त्यानं तिला ओढलं. दार. कडी. कडीला हात लावला आणि तळव्याची चामडी निघून आली. लोखंड इंगळासारखं तापलं होतं. धोतराचा सोगा गुंडाळून त्यानं कडी काढली. दार हलेना. मागं लाकूड सारण्याचा आवाज थांबला. मग पावलं. जवळ. अजून जवळ...

त्यानं खांद्यानं दार फोडलं.

अंगणातल्या गार हवेत पोर आधी खोकलली, मग रडली. माणिक ओकली आणि शुद्धीवर आली. पडवीत गोदाबाई उठून बसली होती. आत पाहत नव्हती.

“कोन हाय ती?” सहदेवनं विचारलं.



“जमुना. किसनची पहिली,” गोदाबाई म्हणाली. “दोन सालांमागच्या हिवाळ्यात धुराडं म्याच बुजवलं होतं. ती अथीच, चुलीपाशी निजे. सकाळी पाह्यलं त... किसनले म्या सांगतलं, ताप होता.”

त्या रात्री पुन्हा कोणी आत गेलं नाही.

उजाडल्यावर सहदेव एकटाच गेला. बांबूनं ढोसून आधी धुराडं मोकळं केलं. उजेड खाली आला. चूल गार पडली होती. तिच्यावर तवा होता, तोही गार. तव्यात एक भाकर. गोल, नीट थापलेली, काठावर बोटं उमटलेली.

ती राखेची होती.

त्यानं हात लावून पाहिला.

गरम होती.