कूमकाकांचं हवेचं गेज

कोसारा भर रस्त्यात पालथी पडली होती आणि तिचं नाक धुळीपासून चार बोटांवर होतं. शेजारी शहरातून सुट्टीला आलेला मावसभाऊ गाव्रिलो त्याच अवस्थेत होता. तिची धाकटी बहीण नेवेंका पहारा देत होती, म्हणजे आलुबुखार खात होती.

उद्या थोरल्या ताईचं, स्मिल्याचं लग्न. सकाळपासून या रस्त्यानं खुर्च्या, डुकरं आणि नातेवाईक यांची ने-आण चालली होती. पण धुळीतल्या खुणा काही वेगळंच सांगत होत्या. प्रत्येक चाकामागे कडांच्या दोन ठसठशीत रेघा आणि मध्ये जवळजवळ काहीच नाही. पूर्ण पट्टा उमटला होता तो फक्त टपालवाल्या स्तामेनाबाईंच्या गाडीचा.

"टायर पोट आत घेऊन चाललेत. हवा कमी आहे, सगळ्यांचीच," गाव्रिलो म्हणाला.

"सगळ्यांची एकदम? गावात हवेचा दुष्काळ पडलाय की काय?"

गाव्रिलोकडे सायकल क्लबचं, हवेचा दाब मोजायचं गेज होतं. पण त्यानं लगेच मोजू दिलं नाही. धावलेला टायर तापतो, आतली हवा फुगते आणि गेज उगाच जास्त दाखवतं, असं त्याचं म्हणणं. सुदैवानं मोठ्यांची जेवणावळ चांगलीच लांबली आणि तोवर गाड्या अक्रोडाच्या सावलीत गार झाल्या. मग तिघं रांगत रांगत निघाले. गाडीच्या दाराच्या चौकटीवर कंपनीनं चिकटवलेल्या चिठ्ठीत हवेचा दाब सव्वादोन लिहिलेला, काटा पावणेदोनवर. पुढची गाडी, पावणेदोन. त्यापुढची, तेच.

आपलंच गेज खोटं नसेल कशावरून, अशी शंका कोसाराला आली. म्हणून त्यांनी स्तामेनाबाईंचं गेज मागून आणलं. तेही पावणेदोनच म्हणालं, आणि बाईंच्या स्वतःच्या गाडीला मात्र दोन्ही गेजांनी सव्वादोन दिले.

"या गाड्यांची हवा तपासतं कोण?" गाव्रिलोनं विचारलं.



तपासायचे रादोसावकाका. आणि रादोसावकाका या लग्नाचे कूम होते. कूम म्हणजे लग्नाचा मुख्य साक्षीदार. घरात त्याचा मान बापापेक्षा मोठा आणि देवापेक्षा किंचित लहान, तोही देव समोर हजर असेल तरच. काकांचं गेज रेशमी रुमालात गुंडाळून छातीवरच्या खिशात असायचं. ते सगळ्या गावाची हवा फुकट तपासायचे आणि एक स्तामेनाबाई सोडल्या तर नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. उद्या सकाळीही, रीतीप्रमाणे, वरातीची प्रत्येक गाडी तेच तपासणार होते. मग पहिल्या गाडीत स्मिल्या, तिच्यासोबत चार धष्टपुष्ट नातेवाईक, आणि घळीतला वळणांचा उतार. मऊ टायर वजनाखाली दबत राहतो, तापतो आणि फुटतो. खाली नदी, आणि कठडा तर सरकारी कागदावरच.

कोसारानं वडिलांना सगळं सांगून पाहिलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि सांगितलं की कूम म्हणजे शर्टाचं बटण नव्हे, तुटलं तर दुसरं लावायला. तो दुखावला तर लग्न राहील बाजूला. तेव्हा तिनं जाऊन भाजलेल्या मिरच्या सोलाव्यात.

तिनं मिरच्या सोलल्या. सोलता सोलता तिचे हात थांबले.

"काकांचं गेज प्रत्येक वेळी अर्धा जास्त दाखवतं ना? मग ज्यात हवाच नाही, त्यातही ते अर्धा दाखवेल."

"हवाच नाही असा टायर कुठून आणणार?" गाव्रिलोनं विचारलं.

नेवेंकानं कोंबड्यांच्या खुराड्याकडे बोट दाखवलं.

लग्नाच्या सकाळी अकॉर्डियनवाला जोरात होता. गाड्यांना नक्षीचे पंचे बांधले होते. कूमकाका एकेका चाकाशी वाकत, गेज लावत आणि सव्वादोनची घोषणा करत पुढे सरकत होते. पाहुणे माना डोलवत होते. शेवटची गाडी झाली तशी कोसारा पुढे आली.

"कूमकाका, स्टेपनी राहिली."

अंगणाच्या भिंतीला एक चाक टेकवून ठेवलं होतं. त्यालाही सुंदर पंचा गुंडाळला होता, तोंडाशी व्हॉल्व्ह तेवढा बाहेर. काकांनी गेज दाबलं, डोळे बारीक केले.

"अर्धा. कमी आहे. पण टायर दमदार, हवा धरून आहे."

नेवेंकानं पंचा ओढला. टायरची एक बाजू टोपली मावेल एवढी फाटली होती. त्या फटीतून एक तांबडी कोंबडी बाहेर आली, तिनं कूमकाकांकडे नाराजीनं पाहिलं आणि अंडं तिथंच ठेवून निघून गेली.

अकॉर्डियन थांबलं. वडिलांनी डोळे मिटून घेतले. स्मिल्या डोक्यावरची फुलं सावरत दारातच खिळली.

काकांनी गेज व्हॉल्व्हवरून उचललं आणि तळहातावर धरलं. कशालाच न लावलेल्या गेजाचा काटा अर्ध्यावर निवांत उभा होता. इतक्या वर्षांत रिकाम्या गेजाकडे कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

"म्हणजे," काका सावकाश म्हणाले, "प्रत्येक टायरमधला अर्धा मी माझ्या खिशातून घालत होतो म्हण की."

कुणीतरी खुसकन हसलं. ते स्वतः काकाच होते. मग मात्र अंगणच हसायला लागलं.

काकांनी कोट काढला आणि पायपंप मागवला. गाव्रिलोच्या गेजावर कोसारा आकडा वाचायची आणि इस्त्रीच्या कपड्यातले पाहुणे घामाघूम होऊन पंप मारायचे. नवरदेवाचे मामा दोन टायरांतच गारद झाले. वरात उशिरा निघाली, पण घळीतली सगळी वळणं उतरून एकूणएक गाडी चर्चपाशी धडधाकट पोचली. स्मिल्या उतरली तेव्हा तिच्या डोक्यावरचं एक फूलही हललं नव्हतं.

कूमकाकांना राहवेना. सगळ्यांच्या देखत त्यांनी गाव्रिलोचं गेज मागितलं आणि पहिल्या चाकाशी वाकले.

"आत्ता नको, काका," कोसारा म्हणाली. "टायर तापलेत, आकडा जास्त दाखवेल. उद्या सकाळी, गाडी हलायच्या आत बघायचं."

कुमाला एकाच दिवशी दोनदा चूक म्हटल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं.

काका सरळ उभे राहिले. गेज त्यांनी गाव्रिलोला परत दिलं आणि कोसाराच्या वडिलांकडे वळले.

"तुझ्या घरात शहाणं माणूस आहे, आणि तू तिला मिरच्या सोलायला बसवलंस." मग कोसाराकडे बघून म्हणाले, "उद्या सकाळी, ठरलं. आकडा तू वाच. पंप मी मारीन."