घरट्याचा पत्ता

पुण्याच्या प्रतिमा परीक्षण केंद्राची खिडकी सकाळी साडेदहाला उघडे, आणि रांगेतला पहिला माणूस हमखास भांडण घेऊन आलेला असे. शेजाऱ्याच्या कुत्र्याने आमची कुंडी पाडली, हा बघा फोटो. व्याह्यांनी साखरपुड्यात हीच अंगठी दिली होती, हा बघा फोटो. हल्ली घरबसल्या कोणालाही कुत्रा, कुंडी आणि वेळ पडल्यास शेजारीसुद्धा तयार करता येत होता. त्यामुळे केंद्राचा शिक्का नसलेला फोटो कोर्ट सोडाच, सोसायटीचा सेक्रेटरीही हातात घेत नसे.

ऋजुता सबनीस तिथे अठरा वर्षं परीक्षक होती. तिच्या टेबलावरच्या यंत्राला सरकारी कागदांत लांबलचक नाव होतं. सगळे त्याला 'पारखी' म्हणत. कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर जन्मजात बारीकसारीक दोष असतात आणि त्यांचा ठसा त्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक फोटोवर उमटतो. हा कणठसा. फोटोत कुठे काही घुसडलं किंवा पुसलं, की तेवढ्या जागेवरचा कणठसा तुटतो, आणि पारखी तेवढा भाग तांबडा करून दाखवतो. बाकी यंत्राला कशाशी देणंघेणं नव्हतं.

त्या मंगळवारी कुसळवाडीच्या माळाची फाइल आली. सोलापूरच्या पलीकडचा हा गवताळ माळ माळढोक पक्ष्यासाठी राखून ठेवलेला होता. पण दहा वर्षांत पक्ष्याचा एकही प्रमाणित फोटो मिळाला नाही तर राखीव दर्जा जाणार, असा नियम होता. दहा वर्षं भरायला नऊ दिवस उरले होते. दहाव्या दिवशी तिथे सौर पट्ट्या अंथरायला कंपनी तयारच होती.

फोटो बघून ऋजुताच्या हातातला चहा तसाच राहिला. एक लांडगा पुढचे पाय रोवून उभा, आणि त्याच्यापासून चार हातांवर माळढोकाची मादी. पंख पसरलेले, शेपटी उभारलेली, मान खाली घालून ती त्याच्यावर चालून जात होती. तिच्या मागे उघड्या जमिनीवर एकच अंडं होतं. फोटो इतका नाट्यमय होता की कोणीही शहाणा माणूस तो बघताक्षणी खोटा म्हणाला असता.

पारखीने अकरा सेकंद घेतले. पक्षी स्वच्छ. लांडगा स्वच्छ. अंडं स्वच्छ. फक्त उजवीकडे वर, क्षितिजालगत, बोटभर पट्टी तांबडी झाली.

"संपलं," संचालक भोपटकर तिच्या खांद्यावरून बघत म्हणाले. "कलम सात. एक कण बदलला असेल तरी सगळा फोटो बनावट. लावा शिक्का आणि मोकळ्या व्हा."

"पण पक्षी खरा आहे, सर. आकाशाचा तुकडा तेवढा कोणीतरी पुसलाय."

"कलम सात कोणी लिहिलं, सबनीस?"

तिनेच लिहिलं होतं. बारा वर्षांपूर्वी एका गावाजवळ बिबट्या तान्हं मूल तोंडात धरून चाललाय असा फोटो आला होता. फारच थोडा भाग तांबडा दिसला, म्हणून तिने तो खरा ठरवला. गावकरी काठ्या घेऊन रानात गेले आणि त्यांनी एक गाभण मादी ठेचून मारली. मूल नव्हतंच, ते कोणीतरी मागाहून चिकटवलेलं होतं. त्यानंतर कित्येक महिने ऋजुताला धड जेवण गेलं नाही. मग तिने हे कलम लिहिलं आणि मंजूर होईपर्यंत मंत्रालयाचे उंबरे झिजवले. परीक्षकाच्या मर्जीवर काही सोडायचं नाही. डोळ्यांनी पाहिलेल्याची साक्ष नको. आणि प्रमाणित फोटो कुठे, कधी काढला हे सर्वांना दिसलंच पाहिजे, म्हणजे ज्याला शंका असेल त्याला जाऊन बघता येईल. तेव्हा सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं.

तिने दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि कुसळवाडी गाठली.

फोटो काढणारा वनमजूर होता, मायाप्पा कोळेकर, साठीला टेकलेला. माळाच्या कडेला एका खोलीत एकटाच राहत होता. ऋजुताने सरळ विचारलं, "आप्पा, उजवीकडं काय पुसलंत?"

तो अजिबात बिचकला नाही. "टेकडी हुती आन् इजेचा मनोरा. फोनला तोंडानंच सांगितलं, ही दोन काढ. काढली त्यानं."

"का पण?"

"आता का म्हंजे? मनोरा आन् टेकडी एका रेघंत दिसली की कुनालाबी जागा कळंल. घरट्याचा पत्ता द्यायचा न्हाई. माझ्या वस्तादानं मला पयल्या दिवशी ह्योच धडा दिला. बायकूला न्हाई, सायबाला न्हाई. पत्ता फुटला की मान्सं येत्यात आन् मान्सं आली की पाखरू अंडं टाकून जातं."

"मूळ फोटो कुठाय?"

"पुसला. ठेवून काय करू?"

ऋजुताला त्याचा राग आला आणि त्याच्याविषयी मायाही वाटली. खात्याने त्याला मोहोरबंद कॅमेरा दिलेला होता. त्याच्या फोटोत जागा आणि वेळ कोरून येते, ती कोणालाही खोडता येत नाही. मायाप्पाने तो गोणपाटात गुंडाळून फळीवर ठेवला होता. चहाडखोर डबा, असं तो त्याला म्हणाला.

तिने त्याला समजावलं. पुसलेला फोटो चालणार नाही. माळ गेला तर टेकडी, मनोरा, घरटं, सगळ्यावर पट्ट्या येतील. मोहोरबंद कॅमेऱ्याने एकच फोटो काढू द्या.

मायाप्पाने तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाला, "आन् पत्ता?"

"तो झाकायचं मी बघते."

हे ती मनापासून म्हणाली. संचालकांना विशेष अधिकार असतात, आपण अठरा वर्षं काढली आहेत, एवढं तर ऐकतील, असं तिला खरंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर तो तिला घेऊन निघाला. अर्धा कोस वाकून, मग पोटावर सरपटत. गवतात कपाळावर घाम आला, कोपरं सोलली. मायाप्पाने बोट केलं. आधी तिला काहीच दिसलं नाही. मग वाळक्या गवताच्या रंगाची एक मान हलली आणि सावकाश वर आली. पक्षी उठला, चोचीने अंडं जरासं फिरवलं आणि पुन्हा बसला. आयुष्यभर ऋजुताने इतरांचे फोटो तपासले होते. इतकी साधी गोष्ट आपण स्वतः कधीच बघितली नव्हती, याचं तिला रडू आलं. तिने एकच फोटो काढला.

केंद्रात परत आल्यावर पारखीने अकरा सेकंदांत तो स्वच्छ ठरवला. भोपटकरांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

"जागा गुप्त ठेवायची तरतूदच नाही. तुम्हीच ठेवली नाहीत."

"सर, अंडं फुटायला दहा-बारा दिवस आहेत. तेवढेच दिवस द्या."

"मुदत सहा दिवसांनी संपतेय. आज प्रसिद्ध केला नाही तर माळ जातो. बोला, काय करू?"

तिने अर्ज परत घेतला. फोटो दुपारी बारा वाजता प्रसिद्ध झाला. खाली कुसळवाडी, अक्षांश, रेखांश, सगळं अचूक.

लोक वाईट नव्हते, हेच खरं तर वाईट होतं. माळढोक सापडला म्हणून कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण दुसऱ्याच्या फोटोवर विश्वास ठेवायची सवय सगळ्यांचीच सुटली होती, म्हणून प्रत्येकाला स्वतःचा फोटो हवा होता. शनिवारी माळावर गाड्यांची रांग लागली. शाळेची सहल आली. आकाशात उडते कॅमेरे घोंगावत होते. शंका घेणारेही आले, पक्षी खरा आहे की यांत्रिक, हे जवळून बघायला. कायद्याने तो त्यांचा हक्कच होता. मायाप्पा हातात काठी घेऊन एकटा आडवा उभा राहिला, तर त्याचेच फोटो निघाले. बंदोबस्त सोमवारी पोचला.

त्यानंतर गुरुवारी निकाल लागला. कुसळवाडीचा माळ आणखी दहा वर्षं राखीव. केंद्रात पेढे वाटले गेले. भोपटकरांनी सगळ्यांसमोर ऋजुताचं अभिनंदन केलं, आणि ती पेढा हातात धरून खिडकीपाशी उभी असताना फोन वाजला.

"म्याडम, मायाप्पा बोलतोय."

"आप्पा, माळ वाचला."

"सायेब सांगून गेले. माज्या नावाचा हुकूमबी आलाय."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं. तिने घाबरतच विचारलं, "पक्षी?"

"शनवारी दुपारीच उडाली. परत काय आली न्हाई. चार दिस अंड्यावर उनाचं कापड धरून बसलो, म्हनलं येईल. काल हात लावून बगितलं तर थंडगार." मागे वाऱ्याचा आवाज येत होता. "हुकमात लिवलंय, धा वर्सं राखन करायची. म्हनून इचारायला फोन केला. तुमी कागद जानता. आता म्या राखन कशाची करू?"