डॉर्कस हॉलच्या किल्ल्या

वर्नेल पेटवे त्या रात्री घरातून निघाली ती फक्त जेवणाचं ताट पोचवायला. भूत बघायला निघाली नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमचा कॉर्डेल आत्तापासूनच गालातल्या गालात हसतोय. हस बाबा, हसून घे. वर्नेल माझ्या बायकोची मावसबहीण. तिने मला स्वयंपाकघरात बसवून सांगितलं तेच सांगतोय, पदरचं काही घालत नाही.

थँक्सगिव्हिंगच्या सणाची रात्र होती. मागच्या वर्षीची नव्हे, त्याच्या आधीची. दहा वाजून गेले होते, आकाशात चंद्र नव्हता आणि अलाबामात पडते त्या मानाने थंडी जास्तच होती. शिलोह रिज कॉलेजात मुलींचं जे सगळ्यात जुनं वसतिगृह आहे ना, डॉर्कस हॉल, त्याची वर्नेल 'मदर'. पोरींची आजारपणं, भांडणं, रडारड सगळी तिच्या गळ्यात. हॉलच्या मागेच तिचं घर. सुट्टी लागली तशा सगळ्या पोरी आपापल्या गावी पळाल्या होत्या. रिकाम्या खोल्यांना कुलपं घालून वर्नेलने किल्ल्यांचा जुडगा कोटाच्या खिशात टाकला होता.

एकटी नायोमी मागे राहिली होती. शिकागोची पोर, पहिलंच वर्ष. आई तिकडे हॉस्पिटलात नर्स, तिला सणाच्याही दिवशी ड्यूटी. आईने फोन करून सांगितलं होतं, "मदर पेटवे, एकुलती एक आहे हो माझी. तुमच्या भरवशावर ठेवतेय." वर्नेल म्हणाली होती, "अगं, माझ्या डोळ्यांसमोर राहील ती. तू निर्धास्त रहा."

आणि सणाच्या गडबडीत तिलाच विसर पडला. नायोमी दुपारी म्हणाली होती, डोकं दुखतंय, जरा पडते, मग येते. इकडे घर पाहुण्यांनी भरलेलं. रात्री भांडी आवरताना वर्नेलला आठवलं, पोर जेवायला आलीच नाही.

"मम्मा, एवढ्या थंडीत कशाला जातेस?" तिचा मुलगा म्हणाला. "फोन कर, येईल ती."

"चार वेळा केला, उचलत नाहीये. झोपली असेल कार्टी उपाशीपोटी. आणि तू तो सोफा सोड आता, टर्कीपेक्षा तूच जास्त फुगलायस."

टर्की, मक्याच्या पावाचं सारण, कॉलर्डच्या पाल्याची भाजी, मॅकरोनी असं ताट भरून, वर चंदेरी फॉइलचा कागद घालून ती निघाली.

आता डॉर्कस हॉलचं थोडं ऐका. पाहुणे आले की कॉलेजवाले त्यांना तो हॉल कौतुकाने दाखवतात. ओढ्याची माती काढून, भट्टी लावून, तिथल्याच विद्यार्थ्यांनी विटा भाजल्या आणि भिंती उभ्या केल्या. गुलामीतून सुटलेल्यांची पोरं होती ती. माझे पणजोबा त्यांच्यातले. त्या भिंतीला हात लावला की आजही माझी छाती फुगते, खोटं कशाला सांगू. पण हॉल एकदा जळलाय, हे मात्र ते पाहुण्यांना सांगत नाहीत.

तेव्हा रात्री-अपरात्री तोंडावर पांढरी फडकी बांधून गोरे यायचे घोड्यांवरून. त्या भीतीपोटी तेव्हाची मदर प्रत्येक खोलीला बाहेरून कुलूप घालायची. पोरींच्या भल्यासाठीच. एका रात्री ती पलीकडे कुणा आजाऱ्याला बघायला गेली, किल्ल्या कमरेला. आग लागली. लागली की लावली, देव जाणे. ती धावत आली तोवर जिना गेला होता. दुसऱ्या मजल्यावरून फक्त एक मुलगी खिडकीतून उडी मारून वाचली.

विटांच्या भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. त्याच भिंतींच्या आत नवे मजले, नवी दारं, नवं छप्पर घातलं. आणि तेव्हापासून एक पद्धत पडली. झोपायच्या आधी मदरने प्रत्येक दारापाशी थांबायचं. "गुड नाइट, बाळ" म्हणायचं. आतून "गुड नाइट, मदर" आलं की पुढे जायचं. उत्तर आलं म्हणजे पोरगी जिवंत आहे. वर्नेलला आधीच्या मदरने जाताना आणखी एक गोष्ट बजावली होती. रिकाम्या खोलीला कधी हाक द्यायची नाही.

"का पण?" वर्नेलने विचारलं होतं.

"नाही द्यायची म्हटलं ना!" म्हातारी खेकसली होती.

तर वर्नेल जिना चढून दुसऱ्या मजल्यावर आली. लांब बोळ, दोन्ही बाजूंना बंद दारं, नायोमीची खोली पार शेवटी. तिच्या पायाखाली लाकूड करकरत होतं. एरवी तिथे पोरींची गाणी, खिदळणं, केस वाळवायच्या यंत्रांची घरघर... त्या दिवशी चिडीचूप. वर्नेल थोडी घाबरली होती, हे ती स्वतः कबूल करते. आणि घाबरलेल्या माणसाचं तोंड सवयीनं चालतं. पहिल्या दाराशी आली आणि बोलून गेली.

"गुड नाइट, बाळ."

"गुड नाइट, मदर."

वर्नेल दोन पावलं पुढे गेलीसुद्धा. मग थांबली. तिला आधी रागच आला. कुणीतरी न सांगता मागे राहिलंय!

"कोण गं आत? घरी नाही गेलीस?"

तिने दाराची मूठ फिरवून पाहिली. कुलूप. तिनेच घातलेलं.

आणि समोरच्या दारामागून, न विचारता, आवाज आला.

"गुड नाइट, मदर."

मग पुढच्या दारातून. मग त्याच्या पुढच्या. एकेक करून, बोळाच्या टोकापर्यंत. तरण्या पोरींचे आवाज. गोड, अदबीचे.

वर्नेलच्या हातातलं ताट खाली पडलं.

नंतर वास आला. धुराचा... आणि त्यात केस जळल्याचा. लहानपणी शनिवारी तिची आई चुलीवर कंगवा तापवून केस सरळ करायची, तेव्हा यायचा तसा. तिला एक क्षण आईच आठवली. मग ती पळत सुटली. खाली नाही रे, कॉर्डेल. पुढे! पोर होती ना तिची तिथे.

"नायोमी! गुड नाइट, बाळ! नायोमी!"



सगळ्या रिकाम्या खोल्या बोलत होत्या. जिच्यात पोर होती, ती गप्प.

वर्नेलने किल्ली घातली. किल्ली फिरली. दार हलेना. खांदा लावला. कुणीतरी आतून दाबून धरल्यासारखं वाटलं. तिने लाथा घातल्या, देवाचं नाव घेतलं, एक-दोन शिव्याही दिल्या. आणि मागे... मुठी फिरायला लागल्या. सगळ्या दारांच्या. हळूच. कट्... कट्... कट्...

"मदर... किल्ल्या आणल्यात?"



तिला कळलं. कसं कळलं, ते विचारू नका. इतकी वर्षं मदरची वाट बघत होत्या त्या. किल्ल्या घेऊन येणाऱ्या मदरची. त्यांची दारं उघडल्याशिवाय हे दार उघडणार नव्हतं.

ती परत बोळाच्या सुरुवातीला गेली. त्या अंधारातून, आपल्या पायांनी. पहिलं कुलूप काढलं. आत पाहिलं नाही. मान खाली. दार उघडलं तशी गालाला झळ लागली. भट्टीसमोरून गेल्यासारखी. काहीतरी तिला घसटून बाहेर आलं.

दुसरं दार. झळ.

तिसरं.

किल्ली भोकात जाईना. ती रडत होती. "येते गं... येते... थांबा..." असं बडबडत होती.

शेवटचं कुलूप निघालं.

नायोमीचं दार आपोआप उघडलं.

पोर जमिनीवर बसलेली. पाठ पलंगाला टेकलेली, मान पुढे वाकलेली, डोळे मिटलेले. आई मागे पलंगावर बसून, दोन गुडघ्यांमध्ये धरून वेणी घालते ना... तशी. मागे पलंगावर कुणी नव्हतं. गादी मात्र दबलेली होती.

डाव्या बाजूच्या केसांच्या बारीक, जुन्या वळणाच्या वेण्या घातलेल्या. उजवी बाजू मोकळी.

ह्याच शेवटच्या खोलीच्या खिडकीतून उडी मारून जी एक वाचली होती ना, ती म्हातारी होईपर्यंत सांगायची. आग लागली ती शनिवारची रात्र होती, सकाळी चर्च, पोरी एकमेकींच्या वेण्या घालत बसल्या होत्या. तिला झेललं तेव्हा तिची अर्धीच घालून झाली होती.

वर्नेलने नायोमीला गदागदा हलवलं. पोरीने डोळे उघडले.

"मदर... तुम्ही कधी आलात?"

"कोण होतं इथे? कोण होतं, सांग!"

"पलंगावर कुणीतरी बसलं. मला वाटलं तुम्हीच. ती म्हणाली, तुझ्या आईला वेळ नाही, ये, मी वेण्या घालते." नायोमीने डोक्याला हात लावला. "तिचे हात फार गरम होते, मदर."

वर्नेलने तिला ओढत घरी आणलं. सगळ्या कड्या लावल्या. मुलाला दाराशी बसवलं. नायोमीला आपल्या पलंगावर घेतलं, तिचा हात हातात घट्ट धरला. वेण्या सकाळी सोडू म्हणाली, त्या केसांना तेव्हा हात लावायची तिची हिंमत नव्हती. पडल्या पडल्या देवाचे आभार मानले. पोर वाचली होती, तिच्या आईला दिलेला शब्द राहिला होता.

रात्रभर तिने तो हात सोडला नाही. डोळाही मिटला नाही, असं ती शपथेवर सांगते. कुणी आलं नाही. काही वाजलं नाही. मुलगा जागचा उठला नाही.

पण ती दारं तिनेच उघडली होती ना, पोरांनो. दारं बंद होती तोवर त्या पोरी तिथेच होत्या.

उजाडलं. नायोमी कुशीवर वळली.

उजव्या बाजूच्या वेण्याही घालून झाल्या होत्या.

वर्नेलने भीत भीत एका वेणीला बोट लावलं...

गरम होती.