नीलव्वाच्या अंगणातली फरशी

"सायबण्णा, अंगणात नुसता चिखल होतो. फरशी टाकून दे," असा नीलव्वाचा निरोप आला आणि मी पहार-हातोडी घेऊन गेलो. नाही म्हणायला मला तोंड कुठं होतं? तिचा नवरा मलकण्णा माझा खाणीतला जोडीदार. दोन वर्षांपूर्वी कपार कोसळून गेला.

आमच्या शहाबादकडच्या खाणीत कपारीखाली उतरण्याआधी वरच्यानं दगडावर तीन ठोके द्यायचे. खणखणला तर ओरडायचं, "पक्की आहे!" बद्द वाजला तर कुणी उतरायचं नाही. त्या सकाळी पाळी माझी होती. मी बिडी पेटवत होतो. ठोका न देताच ओरडलो, आणि मलकण्णा माझ्या शब्दावर उतरला. मी हे कुणाला सांगितलं नाही. रात्रभर कपारीपासून हललो नाही म्हणून गाव उलट माझं कौतुक करत होतं. ते ऐकताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

भर दुपार होती. फरशी हातात धरून वाजवली की खणखणीत, जमिनीत बसवली की बद्द. उपटून पाहिली. चीर नव्हती, वाळू सारखी होती. दुसरी बसवली, तीही तशीच. खाणीतला ओल्या भुकटीचा वास अंगणभर पसरला होता.

नीलव्वा उंबऱ्यावर ज्वारी पाखडत होती. "काय रे, उन्हानं डोकं फिरलं का? लावतोस किती, उपटतोस किती?" ती उठली, फरशीवर हातोडी मारली. खणकन आवाज आला.

"माझ्या हातानं तर वाजते की," ती म्हणाली आणि परत सुपाशी जाऊन बसली.

तेवढ्यात फरशीच्या खालून ठोका आला. मग दुसरा... तिसरा. पुढं सगळं शांत. कुणीतरी उत्तराची वाट बघत होतं.

मी फरशीपासून मागं सरकलो. "अक्का... त्या दिवशी... मी ठोके दिलेच नव्हते..."

सूप थांबलं नाही. "ठाऊक आहे."

"कुणी... कुणी सांगितलं?"

"त्यानंच. त्याच संध्याकाळी, जेवताना. म्हणाला, सायबण्णाला काही बोलू नकोस, तो आपणहून सांगेल."

लाजेनं माझी मान वर होईना. दोन वर्षं या बाईनं मला सणासुदीला जेवू घातलं होतं, आणि मी जेवलो होतो.

पण ती संध्याकाळ मला पक्की आठवते. मलकण्णाचे पाय तेवढे दगडाबाहेर होते, आणि दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत ते मीच धरून बसलो होतो.