हजेरीतून वगळलेलं नाव

खोटं वाटत असेल तर माझ्या ओझेलामावशीच्या डोळ्यांत बघून या. मी बघितलं, आणि त्यानंतर वाद घालणं सोडलं.

ही घटना साउथ कॅरोलायनातल्या आमच्या माउंट नेबो चर्चमधली. तीन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट, दुसरा रविवार. भर दुपारची वेळ.

दर वर्षी त्या रविवारी बाहेरगावी गेलेले सगळे परततात. प्रार्थनेनंतर झाडांखाली तळलेली कोंबडी आणि भात असतो. पण त्याआधी पूर्वजांची हजेरी होते. एकेक नाव वाचलं जातं, त्या घरातले लोक उभे राहतात, "आहोत" म्हणतात आणि बसतात.

बावीस वर्षं ही हजेरी मावशीच वाचायची. नावंही तिनेच जमवलेली. अंत्यविधीच्या पत्रिका, कोर्टातले कागद, रानात बुजलेल्या कबरी... तिने सगळं पालथं घातलं होतं. कुणाचा पणजोबा कोण, हे विचारायला लोक तिच्याच दारात यायचे.

मग डेट्रॉइटहून कॉर्लिस आली.

लांबच्या नात्यातली, चाळिशीची. दर गुरुवारी ती वाचनालयात लोकांना जमवून जुने कागद वाचायला शिकवायची. लोक मावशीचं दार सोडून तिकडे जाऊ लागले. मावशीच्या पोटात दुखू लागलं, आणि ती ते लपवतही नव्हती. कालची पोरगी, कॉम्प्युटर उघडला की झाली इतिहासकार, असं ती माझ्या आईला फोनवर ऐकवायची.

आमच्या यादीतलं पहिलं नाव प्रिन्स. अर्धं चर्च त्याच्याच वंशातलं; मावशीही, कॉर्लिसही. त्याची आई कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

कॉर्लिसने शोधलं.

गुलामगिरीच्या काळात एक मळेमालक मेल्यावर त्याच्या मालमत्तेची यादी केली होती. तिच्यात खेचरं आणि कढया यांच्या मध्ये एक ओळ होती. डॉर्कस, आणि तिचं तान्हं मूल प्रिन्स. तोच गठ्ठा पंधरा वर्षांपूर्वी मावशीने चाळला होता. पण तिने आडनावं तेवढी बघितली, आणि गुलामांचं आडनाव लिहीत नसत. हे आपल्याला कळायला हवं होतं, हेच तिला जास्त झोंबलं.

पास्टरांनी ठरवलं, यंदा हजेरी डॉर्कसपासून सुरू करायची. मावशी त्यांच्याकडे गेली. पुरावा कच्चा आहे म्हणाली, वर्षभर थांबू. पुरावा पक्का होता, हे तिला माहीत होतं. पण बावीस वर्षांचा शब्द, पास्टरांनी मानला.

रविवारी कॉर्लिसने तिला चर्चच्या दारात गाठलं.

"ओझेलाताई, माझं नाव घेऊ नका हवं तर. तिचं घ्या. पावणेदोनशे वर्षं थांबलीय ती."

"मग अजून एक थांबेल," मावशी म्हणाली.

हजेरी सुरू झाली. मावशीने कागद उघडला. पहिलं नाव घ्यायला तोंड उघडलं...

मागचं बाक करकरलं.

कुणीतरी उठलं होतं. नाव घ्यायच्या आधीच.

मावशीने चष्म्यावरून बघितलं. शेवटचं बाक रिकामं होतं.

तिने प्रिन्सचं नाव घेतलं. लोक उठले, "आहोत" म्हणाले, बसले. एकशे चौदा नावं झाली. उठल्याचा आवाज, बसल्याचा आवाज... शेवटच्या बाकावरून मात्र बसल्याचा आवाज आलाच नाही.

जे उठलं होतं, ते उभंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अटलांटाहून एका बाईचा फोन आला. तिला आजोबांची माहिती हवी होती. मावशीने स्वयंपाकघरात वही उघडून त्यांचं नाव मोठ्याने वाचलं, आणि पाठीमागे...

जमिनीची फळी करकरली.

उभं राहून पाय अवघडले की माणूस या पायावरचा भार त्या पायावर घेतो, तशी. मावशी घरात एकटीच राहते.

मग हे रोजचंच झालं. गेलेल्या कुणाचंही नाव घेतलं की मागे फळी वाजायची. मावशीने एकदा खुर्ची ओढून ठेवली, बसा म्हणाली. कुणी बसलं नाही.

तिने नावं घेणं सोडलं. फोन उचलेना. अख्ख्या गावाचे पूर्वज जिच्या तोंडी, ती मुकी झाली. शेवटी फेब्रुवारीत एका गुरुवारी ती वाचनालयात गेली आणि वीस माणसांसमोर उभी राहिली.

"पुरावा पक्का होता," ती म्हणाली. "मी जळले, म्हणून खोटं बोलले."

पुढच्या ऑगस्टात हजेरी कॉर्लिसने वाचली. मावशी मधल्या बाकावर बसली होती, डाव्या हाताला माझी आई, उजवीकडे वाटेलगतची जागा रिकामी. तेव्हाही तिला राहवेना. पोरीचा आवाज मागे पोचत नाही, असं ती आईच्या कानात कुजबुजली.

"डॉर्कस," कॉर्लिसने वाचलं.

अर्धं चर्च उठलं, "आहोत" म्हणालं आणि बसलं.

मावशी कान देऊन होती. शेवटच्या बाकाकडून पावलं निघाली... सावकाश, अनवाणी. मधल्या वाटेने पुढे. ती कॉर्लिसकडेच जाणार, असं मावशीला वाटलं, आणि त्या भीतीतही तिचा जीव जळला.

पावलं तिच्यापाशी थांबली.

उजवीकडे बाक करकरलं. कुणीतरी बसलं.

आईला काहीच ऐकू आलं नाही.

तेव्हापासून मावशीच्या उजव्या हाताला कुणी बसत नाही. गेल्या ख्रिसमसला मी तिच्याकडे जेवायला गेले, तिथली खुर्ची ओढली, तर तिने माझं मनगट धरलं. तिथे नको, म्हणाली. तुला भीती नाही वाटत का, मी विचारलं. तिने ताट बाजूला सारलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. झोप लागत नाही तिला. मग ती माझ्या कानाशी आली.

"शोधलं कॉर्लिसने. पण आली माझ्याकडे. त्या पोरीला सांगू नकोस हं."

ती रिकामी खुर्ची हलकेच करकरली.

मी उरलेलं जेवण उभ्यानेच उरकलं.