उशिरा पडणारा सूर

तिन्हीसांज झाली तशी चेनाई स्वयंपाकाच्या गोल झोपडीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली. बाहेर मडक्यांत नाचणीची दारू फसफसत होती. तिचा नवरा मुसेकिवा जाऊन वर्ष झालं होतं. मेलेलं माणूस वर्षभर रानातच भटकतं. उद्या पहाटे सगळ्यांनी थडग्यावर जाऊन त्याला हाक मारायची आणि घरी आणायचं, असं ठरलं होतं.

मुसेकिवासारखा म्बिरा त्या मुलखात कुणी वाजवला नाही. भोपळ्यात बसवलेली लाकडी फळी, तिच्यावरच्या लोखंडी पट्ट्या आणि त्याचे ते दोन अंगठे! लोक डोंगर ओलांडून ऐकायला येत. पण वाजवणं दोघांचं होतं. तो पुढे चाले, चेनाई आपल्या म्बिरावर मागून उत्तर देई. तिचा एक सूर नेहमी किंचित उशिरा पडे.

"आलीस का? मी नदीपर्यंत जाऊन आलो!" असं म्हणून तो हसायचा.

वर्षभर तिनं म्बिराला हात लावला नव्हता. उत्तर द्यायचं तरी कुणाला?

"चेनाई, फोडतेस किती नि खातेस किती?" थोरल्या वन्सं, एस्नाथ, दारातून म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "आज जपून गं. हाक मारायच्या आधीच तो आला, तर... ओ द्यायची नाही. ओ देणाऱ्याचं अर्धं मन त्याच्याबरोबर रानात जातं."

"येऊ दे की, वन्सं. वाटच बघतेय."

"वेडी कुठली!" म्हणत त्या पाण्याला गेल्या.

चुलीत निखारे तेवढे उरले. तेवढ्यात दारातून कुणीतरी आत आलं. अंगात मुसेकिवाचा लांब कोट, डोक्यावर त्याची टोपी. येऊन पुरुषांच्या मातीच्या ओट्यावर पाठमोरं बसलं. चेनाईला हसू आलं. गेलेल्याचे कपडे घालून जिवलग मित्रानं त्याची नक्कल करायची, रडणाऱ्यांना हसवायचं, ही तिथली रीत. ते काम टापेराचं होतं.

"टापेरा भावजी, सोंग उद्या आणायचं. आजपासून कशाला?"

तपकिरीचा आणि ओल्या मातीचा वास आला. त्या माणसानं भिंतीवरचा म्बिरा काढला आणि वाजवायला लागला.

टापेराची बोटं म्हणजे रताळी. त्याला हे कधी जमलं? "चोरून शिकलात होय..." ती म्हणाली आणि कान देऊन ऐकू लागली. प्रत्येक फेऱ्यात तिच्यासाठी जागा सोडलेली होती. नेमकी तिच्यापुरती. तिच्या नकळत तिचा हात स्वतःच्या म्बिराकडे गेला.

तिनं उत्तर दिलं. एक सूर उशिरा पडला.

अंधारात कुणीतरी हलकेच हसलं. "आलीस का..."

"वहिनी!" अंगणातून टापेराचा आवाज आला. "त्याचा कोट-टोपी पेटीतून काढून ठेवा हो! उद्या मी काय उघडा नाचू?"

ओटा रिकामा होता. म्बिरा भिंतीवर होता; त्याच्या भोपळ्यावर ओवलेली बाटल्यांची पत्र्याची झाकणं मात्र अजून थरथरत होती. तिनं पेटीचं कुलूप काढलं. कोट घडी घालून ठेवलेला होता. त्याची कॉलर ओली होती.

पहाटे थडग्यावर दारू ओतली. मुसेकिवाच्या नावाचा बोकड अंग झाडेल, तेव्हा तो यायला तयार झाला असं समजायचं. बोकड हललाच नाही. मान वळवून घराकडे बघत राहिला.

"रुसलाय लेकाचा!" कोट घातलेला टापेरा ओरडला. "जिवंतपणीही पहिला घोट घेतल्याशिवाय हलायचा नाही!"

सगळे हसले. वन्सं हसल्या नाहीत.

"चेनाई... तू ओ दिलीस?"

चेनाईनं मान खाली घातली. "वन्सं, तो रानातच राहिला तर? मला तेवढं सांगा."

वन्संनी दारूचं रिकामं मडकं उचलून तिच्या डोक्यावर ठेवलं. सगळे परतले. अंगणात पाऊल पडताच, झोपडीच्या दारासमोर, बोकडानं शिंगांपासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. बायकांनी आनंदानं एकच गजर केला. आला, घरी आला! चेनाईचे डोळे भरून आले.

गजर ओसरला, तेव्हा आतून म्बिरा ऐकू आला. एक नाही, दोन. एक पुढे चाललेला, एक मागून उत्तर देणारा.

मागच्याचा एक सूर किंचित उशिरा पडत होता.

चेनाईनं डोक्यावरचं मडकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.