हात न लावण्याचे नव्वद दिवस

शनीच्या वाटेवरच्या ‘शिंपला’ यानात जीवशास्त्रज्ञ रेवती कुळमेथेनं स्पर्शमोजा चढवला, आभासी मत्स्यालयात हात बुडवला आणि एंजलफिशची अंडी पानावरून उचलून उबवणपेटीत ठेवली. जरा उशीर झाला असता, तर आईबापांनीच त्यांचा नाश्ता केला असता.

“ताई, आपण झोपल्यावर हे कोण करणार?” यंत्रज्ञ दिगू सावळेनं विचारलं.

रेवतीचा हात पाण्यातच थांबला. नव्वद दिवसांनी दोघं चार वर्षांच्या शीतनिद्रेत जाणार होती.

“मत्स्यालय बंद ठेवू.”

“त्याचं घड्याळ यानाच्या घड्याळाला जोडलंय. ते थांबलं की यान थांबतं. आणि यान थांबवायची सोय कुणी केलेलीच नाही.”

मासे ही चैन नव्हती. मागच्या मोहिमेतल्या माणसांनी जाग आल्यावर उठायलाच नकार दिला होता. एकाचा नकार अजून चालू होता. उठून बघायचं काय? बाहेर काळोख, आत सहकारी. म्हणून या खेपेला मासे दिले होते.

“पण पोटची अंडी खातात तरी कशी?”

“आपणच त्यांना तसं घडवलंय,” रेवती म्हणाली. “मत्स्यालयाच्या या आभासी खेळातही स्वभाव पिल्लांत उतरतो, अगदी खऱ्यासारखा. आपण सगळ्यांचीच अंडी वाचवतो. मग सांभाळणारीला फायदा काय? खाणारी लगेच पुन्हा अंडी घालते, तीही आपण वाचवतो. पृथ्वीवरच्या खेळाडूंपासून आजवर सगळ्यांनी खादाडांचाच वंश वाढवला.”

“मग?”

“मग हात लावायचा नाही. वळवळत भरकटलेलं पिल्लू तोंडात धरून पानावर आणून ठेवणारी एखादी जोडी अजून असेल. तिचाच वंश उरू दे. अकरा दिवसांत एक पिढी होते. आठ पिढ्या मिळतील.”

पंधरवड्यात चारशे माशांचे नऊ झाले. दिगूनं तीनदा अंडी चोरली.

“दिगू, मोजा काढ.”

“नुसता घालून बघत होतो.”

“उबवणपेटीत अंडी आहेत.”

“स्वतःहून गेली असतील. वैतागून.”

रेवतीनं दोन्ही मोजे कारल्याच्या भुकटीच्या डब्यात लपवले. तिकडे दिगू जन्मात फिरकला नसता.

नव्वदाव्या दिवशी तीन जोड्या उरल्या होत्या आणि पानांवर बारा पिल्लं.

“पुरतील?”

“माहीत नाही,” म्हणून रेवतीनं शीतनिद्रेच्या पेटीत आडवं होऊन झाकण ओढून घेतलं.

चार वर्षांनी जाग आली तेव्हा ती पडूनच राहिली.

“ताई, उठा.”

“आधी तू बघून ये.”

“मी नाही बघणार बुवा. बारा पिल्लं तुमची होती.”

शेवटी चिडून ती उठली.

मत्स्यालय खचाखच भरलं होतं. रंगासाठी निवडायला कुणी नसल्यामुळे सगळे मासे मातकट होते आणि ठणठणीत. रेवतीनं मोजा घातला. थंडीनं तिची बोटं अजून थरथरत होती. हात पाण्यात गेला मात्र, एकशे तीस पिढ्यांची माया अंगावर धावून आली. एका मातकट आईनं तिची करंगळी तोंडात धरली, ओढत नेली आणि पानावर ठेवली. बाकीचे परांनी वारा घालू लागले. करंगळी हलली. पुन्हा जागेवर आणून ठेवण्यात आली.

“ताई, ते तुम्हाला पिल्लू समजताहेत.”

“दिसतंय मला.”

“मग काढा की हात. उपमा निवतोय.”

“काढते,” रेवती म्हणाली आणि करंगळी मुद्दाम पानावरून खाली सोडली.